डाव्या बाजूची काच

मैना शेवाळे काचेवर रेघ ओढताना श्वास रोखून धरत नाही. नवशिके रोखतात, मग रेघ अर्ध्यावर असताना दम कोंडतो आणि हात हलतो. मैना सावकाश श्वास सोडत राहते आणि तो संपायच्या आत रेघ संपवते. हे तिला कुणी बसवून शिकवलं नाही. नवऱ्यासमोर काचेचं दुसरं टोक धरून उभं राहता राहता तिनं ते पाहिलं होतं.

तिचं दुकान आडगाव नाक्याच्या पुढे, टायरवाला आणि बॅटरीवाला यांच्या मधल्या गाळ्यात आहे. पाटीवर नाव अजून सोमनाथचं. ट्रक घेऊन आलेला ड्रायव्हर आधी बाहेर बाकड्यावर बसलेल्या सोमनाथकडे वळतो, "उस्ताद, काच बसवायचीय" म्हणतो, आणि सोमनाथ आत बोट दाखवतो. आत साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवलेली, हातात कातडी मोजे घातलेली बाई बघून ड्रायव्हर जरा घोटाळतो. अर्ध्या तासानं तोच तिला ताई म्हणत असतो.

सोमनाथला कसला आजार नाही, हातपाय धड आहेत. अकरा वर्षांपूर्वी एका अपघातानंतर त्यानं काच कापायचा कटर खणात ठेवला आणि पुन्हा हातात घेतला नाही. काच धरायला, उचलायला तो येतो, कापत नाही. अपघात कसला, कुणाचा, हे तो कुणाला सांगत नसे. मैनाला ठाऊक होतं, पण तिनं कधी विषय काढला नाही. दुकान बंद पडू नये म्हणून तिनं खण उघडला, एवढंच. पहिल्या वर्षी जितक्या काचा बसवल्या, त्याहून जास्त तिनं फोडल्या.

या जानेवारीत विश्वेश गायधनी तिच्याकडे आला. चाळिशीचा माणूस, सातपूरच्या एका कारखान्यात मशीनची डिझाइन करणारा. सहा वर्षांपूर्वी त्यानं मालेगावच्या एका भंगारवाल्याकडून एकसष्ट सालचा लांब बॉनेटचा ट्रक उचलला होता. इंजिन बदललं, मागचा हौदा काढून तिथं दोन माणसांच्या झोपण्याची सोय केली आणि केबिनचं छप्पर चार इंच खाली उतरवलं. ट्रकला बसकी, ऐटदार ठेवण आली. पण छप्पर खाली आल्यावर मूळच्या काचा बसेनात. समोर दोन काचा, मध्ये उभी पट्टी. दोन्ही बाजूंना दोन-दोन. सहाच्या सहा नव्यानं कापून हव्या होत्या आणि प्रत्येकीचे कोपरे गोल.

"रविवारी सकाळी जुन्या गाड्यांची फेरी आहे, ताई," विश्वेश म्हणाला. "बाबा माझ्याशेजारी बसणार आहेत. त्यांनी टोपीसुद्धा आणून ठेवलीय."

बाबा म्हणजे चिंतामणराव. नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त होऊन त्यांना बावीस वर्षं झाली होती. मुलानं भंगार घरी आणलं तेव्हा दोन महिने ते त्याच्याशी बोलले नव्हते. आता रोज सकाळी रिक्षा करून ट्रक बघायला येत.

ट्रक उभा होता अंबड लिंक रोडला, दिनेशच्या शेडमध्ये. दिनेश पत्र्याचं आणि वेल्डिंगचं काम करणारा, हाताचा चांगला, तोंडाचा फटकळ, सोमनाथचा जुना ओळखीचा. मंगळवारी मैनानं तिथं जाऊन प्रत्येक चौकटीचा पुठ्ठ्याचा नमुना कापला. पुठ्ठा चौकटीत अलगद बसला पाहिजे, चारी बाजूंनी रबरापुरती फट राहिली पाहिजे. बुधवारी आणि गुरुवारी तिनं त्या नमुन्यांवरून सहा काचा कापल्या. साध्या नव्हेत, लॅमिनेटेड. म्हणजे दोन पातळ काचांच्या मध्ये पारदर्शक पडदा असलेल्या. अशी काच फुटली तरी तुकडे पडद्याला चिकटून राहतात, माणसाच्या अंगावर येत नाहीत.

शुक्रवारी सकाळी गोधड्यांत गुंडाळलेल्या काचा टेम्पोतून शेडमध्ये आल्या. थंडी इतकी होती की रबर दगडासारखं कडक झालं होतं. मैनानं ते गरम पाण्याच्या बादलीत बुडवून मऊ केलं. काचेच्या कडेला रबर चढवायचं, रबराच्या खाचेत दोरी फिरवायची, काच बाहेरून चौकटीला लावायची आणि आतल्या माणसानं दोरी ओढत न्यायची. दोरीबरोबर रबराची ओठासारखी कड पत्र्यावर चढत जाते. मैना बाहेरून दाबत होती, सोमनाथ आतून ओढत होता. दुपारी बारापर्यंत पाच काचा बसल्या.

सहावी समोरची, डाव्या बाजूची. दोरी निम्म्याच्या पुढे आली असताना खालच्या कोपऱ्यात अगदी बारीक आवाज झाला. टिक्.

मैनाचे तळवे काचेवरच होते. कोपऱ्यातून निघालेली भेग तिच्या हाताखालून वर चढली आणि वरच्या रबरात शिरली.

सोमनाथनं दोरी सोडली. शेडमधलं ग्राइंडर थांबलं. खुर्चीवर ऊन खात बसलेले चिंतामणराव उठून उभे राहिले.

"वहिनी, काच घट्ट कापली गेली," दिनेश लांबूनच म्हणाला.

"माप बरोबर हाय."

"मग फुटली कशी?"

मैनानं फुटकी काच उतरवली, टेम्पोतून पुठ्ठ्याचा नमुना आणला आणि चौकटीत धरला. तीन कोपऱ्यांत बसला. चौथ्यात बसेना, तिथं पुठ्ठा चांगला पेन्सिलच्या जाडीइतका वाकत होता. मैनानं काच आणि दार यांच्या मधल्या पत्र्याच्या खांबाच्या रंगावर नख ओढलं. नखात अजून कच्चा असलेला रंग आला.

"मंगळवारी हा पुठ्ठा हितं अलगद बसला होता. त्यानंतर या खांबाला कुणी हात लावला?"

दिनेशनं चेहऱ्यावरचा काळा चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला. "दार नीट लागत नव्हतं. बुधवारी खांब जरासा आत घेतला."

"मला सांगितलं का नाय?"

"एवढ्यानं काय होतंय म्हटलं."

विश्वेश एकदम दिनेशच्या अंगावर गेला. "सहा वर्षं! सहा वर्षं मी एकेक बोल्ट मोजून लावतोय, आणि तू न विचारता खांब सरकवतोस?"

"साहेब, थांबा," मैना म्हणाली. "बसवायच्या आधी पुठ्ठा परत लावून बघायला पाहिजे होता. घाई केली, मी बघितला नाय. चूक दोघांची हाय."

तिनं कोपऱ्यात जाऊन फोन लावले. शहरातल्या तिन्ही काचवाल्यांचं उत्तर एकच: त्या जाडीचा लॅमिनेटेड तावच शिल्लक नाही, मंगळवारी मुंबईहून गाडी येईल. मैना परत आली तेव्हा सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"मंगळवार," ती म्हणाली.

दिनेशच हलला. "समोर खिडक्यांच्या काचांचं दुकान आहे. साधी पाच एमएमची तासाभरात कापून मिळेल. रविवारपुरती लावू, मंगळवारी बदलू. बघणाऱ्याला फरक कळणार आहे का?"

विश्वेश मैनाकडे बघत म्हणाला, "ताई, वेग विसाच्या वर जाणार नाही. पोलिसांनी रस्ता मोकळा ठेवलेला असेल." आपण काय बोलतो आहोत हे त्याला कळत असावं, कारण वाक्य संपता संपता त्याची नजर खाली गेली.

"त्या काचेमागं कोण बसणार?" मैनानं विचारलं.

"मी बसणार," चिंतामणराव म्हणाले. "आणि माझी काही हरकत नाही. दोन तासांचा तर प्रश्न आहे. मी ब्याऐंशीचा आहे, पुढच्या वर्षीची फेरी कुणी बघितलीय?"

मैनाच्या वडिलांच्या वयाचा माणूस. "मी नाय बसवणार, काका," ती एवढंच म्हणाली.

"नका बसवू. मी बसवतो," दिनेश म्हणाला. "दोरी ओढायला काय लागतं?" आणि पुठ्ठ्याचा नमुना तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच तो रस्ता ओलांडून गेला.

तो तास फार वाईट गेला. विश्वेश ट्रकभोवती फेऱ्या मारत राहिला. चिंतामणराव खुर्चीत बसले, पण पाठ टेकली नाही. मैनानं फुटक्या काचेचं रबर सोडवून पुन्हा गरम पाण्यात टाकलं, कारण हाताला काहीतरी हवं होतं. निघून जावं, की थांबावं? निघून गेली तर काच बसणारच. थांबली तर तिच्या डोळ्यांसमोर बसणार. सोमनाथ ट्रकच्या पायरीवर बसून होता. हातातली दोरी त्यानं गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

दिनेश काच आणि पुठ्ठा घेऊन आला. साधी काच, गोल कोपऱ्यांची, अडणारा कोपरा पेन्सिलभर कमी करून घेतलेली, हिरवट कडेची. त्यानं ती बॉनेटवर गोणपाट टाकून ठेवली आणि बादलीतलं रबर उचलायला वळला.

सोमनाथ उठला आणि काच आणि चौकट यांच्या मध्ये जाऊन उभा राहिला.

"सोम्या, बाजूला हो."

"अशीच मी बसवली होती," सोमनाथ म्हणाला. "अकरा वर्षांपूर्वी. भाजीचा पिकअप होता. मालक म्हणला, आजच्या दिवस साधी लाव, परवा येतो बदलायला. मी लावली. तिसऱ्या दिवशी पेठ रोडला ट्रॉलीला मागून लागला. लय जोरात नाय. पुढचा लाईटसुद्धा फुटला नव्हता. ड्रायव्हरच्या शेजारी भागुबाई म्हणून एक मजूर बाई बसली होती, करंजाळी गावची. काच तिच्या तोंडावर आली."

रस्त्यावरून एक टँकर गेला, तो जाईपर्यंत सोमनाथ थांबला.

"मी दवाखान्यात गेलो होतो. एक डोळा गेला होता, दुसऱ्यावर पट्टी. तिनं विचारलं, कोण आलंय? मी सांगितलं, भाजीवाल्याकडचा माणूस." त्यानं ओठ पुसले. "काच कुणी बसवली ते सांगितलं नाय मी. अजून तिला ठाऊक नाय."

हे शेवटचं मैनालाही माहीत नव्हतं. तो दवाखान्यात जाऊन आला एवढंच तिला माहीत होतं. ती नवऱ्याकडे बघत राहिली. अकरा वर्षं तो बाकड्यावर बसून काय उराशी धरून होता, ते तिला आज दिनेशच्या शेडमध्ये, चार माणसांसमोर कळत होतं.

चिंतामणरावांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "दिनेश, ती काच नेऊन दे परत," ते म्हणाले. मग मुलाकडे वळून, "फेरी राहू दे, विशू."

विश्वेश ट्रकच्या पायरीवर मटकन बसला.

मैनाच आधी भानावर आली. "अहो," ती सोमनाथला म्हणाली, "आपल्या मागल्या दारची बसची काच केवढी हाय?"

सोमनाथनं तिच्याकडे बघितलं. "कुरडयांची?"

दुकानाच्या मागे एका जुन्या बसची समोरची सपाट काच आठ वर्षं पडून होती. दगड लागून एका बाजूला चांदणीसारखा टवका उडालेला, म्हणून बसवाल्यानं बदलून घेतली आणि जुनी तिथंच सोडली. उन्हाळ्यात मैना तिच्यावर कुरडया वाळवायची. ती लॅमिनेटेड होती, जाडीही तीच.

मैनानं नमुन्यावरून दुसरा पुठ्ठा कापला आणि पहिला दिनेशच्या हातात दिला. "खांब मंगळवारच्या जागेवर आणा, दार बिजागरीवर जुळवा. हा पुठ्ठा अलगद बसेपर्यंत सोडायचा नाय."

दिनेशनं मान हलवली. त्या दिवशी तो पुन्हा तिच्याशी उलट बोलला नाही.

आडगावला पोचायला तीन वाजले. काच गरम पाण्यानं आणि सोड्यानं धुतली तेव्हा तिचं खरं रूप दिसलं. एका बाजूला चांदणी, आणि मधोमध वायपरनं वर्षानुवर्षं घासून पडलेला ओरखड्याचा लांब बाक. पुठ्ठा तिच्यावर इकडे फिरवला, तिकडे फिरवला. चांदणी टाळून तो एकाच तऱ्हेनं बसत होता, तोही एका कडेला दोन बोटं राखून. आणि तसा ठेवला की ओरखडा कापायच्या रेघेला एका ठिकाणी आडवा जात होता. कापताना भेग रेघेवरून धावते. वाटेत ओरखडा आला तर भेग रेघ सोडून ओरखड्यातून पळू शकते. मग काच गेली. दुसरी काच नव्हती.

मैनानं कटर तेलात बुडवला. मग तो सोमनाथपुढे धरला. "तुम्ही मारता? तुमचा हात माझ्यापेक्षा हलका हाय."

सोमनाथनं कटरकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "तूच मार," तो म्हणाला. "मी बघतो."

तिनं रेघ ओढली. काच दोघांनी मिळून उलटी केली आणि तिनं दुसऱ्या बाजूनं, पहिल्या रेघेच्या बरोबर पाठीवर, दुसरी रेघ ओढली. मग खालून कटरच्या दांड्यानं टिचक्या मारायच्या. सोमनाथ गाल काचेला टेकवून, एक डोळा मिटून, आतली भेग बघत होता.

"सुटली. येतेय. येतेय पुढं. थांब."

ती थांबली.

"ओरखड्याला आली. अडलीय."

मैनाच्या कपाळावरचा घाम थंडीतही भुवईत उतरला. तो पुसायलाही तिला हात हलवायचा नव्हता.

"आता पलीकडून मार. ओरखड्याच्या पुढून, उलटी आण. हळू. अजून हळू."

तिनं पुढून मारायला सुरुवात केली. टिचकी, टिचकी. पलीकडून दुसरी भेग निघाली आणि ओरखड्याकडे सरकू लागली. दोन भेगांमध्ये चार बोटं अंतर राहिलं, मग दोन, मग बोटभर. सोमनाथनं हात वर केला. ती थांबली. त्यानं हात खाली केला. तिनं एकच टिचकी मारली.

"मिळाल्या," तो म्हणाला आणि जमिनीवर बसला.

उरलेलं काम कष्टाचं होतं, पण ओळखीचं. भेगेत स्पिरिट ओतून काडी लावली, निळी ज्योत रेघेवरून धावत गेली आणि मधला पडदा मऊ पडला. मैनानं पातळ पात्यानं तो कापला. गोल कोपरे पकडीनं कुरतडून पाण्याच्या दगडावर घासले. पुठ्ठा वर ठेवला आणि कडा जुळल्या तेव्हा बाहेर अजून उजेड होता.

शनिवारी सकाळी दिनेश शेडच्या दारातच उभा होता. पुठ्ठा चौकटीत ठेवून दाखवला. चारी कोपऱ्यांत सारखी फट. तरी मैनानं चौकटीच्या खाचेतून सगळीकडे उघडं बोट फिरवलं. खाली एका जागी वेल्डिंगचा ज्वारीच्या दाण्याएवढा कण लागला. दिनेशनं कानस आणून दिली.

मग रबर, दोरी. मैना बाहेर, सोमनाथ आत. या वेळी ती एकेक वीत दाबत होती आणि दर वितीला "हं" म्हणत होती, तेव्हाच तो ओढत होता. काल जिथं आवाज झाला होता तो कोपरा आला. दोरी क्षणभर ताणली गेली, रबर चरचरलं आणि पत्र्यावर चढलं. दोरीचं टोक सोमनाथच्या हातात आलं. कुणी हललं नाही. मैनानं कान काचेला लावला. काही नाही.

"झालं?" विश्वेशनं विचारलं.

"नाय. गाडी चालवा. खराब रस्त्यानं. आधी मी बसते हितं."

ती डाव्या सीटवर बसली, तळवा काचेवर ठेवून. विश्वेशनं कारखान्यांच्या मागचा उखडलेला रस्ता धरला. ट्रक खड्ड्यांतून हिंदकळत चालला. केबिनचं सगळं पत्र्याचं अंग खडखडत होतं. एका गतिरोधकावरून मागचं चाक आपटलं आणि कुठंतरी टक् आवाज झाला.

विश्वेशनं ब्रेक दाबला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. मैनानं काचेचे चारही कोपरे एकेक करून बोटानं चाचपले. मग खाली बघितलं. तिच्या पायाशी आरशाचा स्क्रू पडला होता. तिनं तो उचलून विश्वेशच्या हातात दिला आणि इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. तोही हसला.

"जरा निरखून बघितलं तर ओरखडा दिसंल, साहेब."

"दिसू दे," विश्वेश म्हणाला.

रविवारी फेरी झाली. चिंतामणराव टोपी घालून डाव्या बाजूला बसले आणि दोन तास येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करत राहिले. मैना गेली नव्हती. वणीहून आलेल्या एका जीपची मागची काच तिला बसवायची होती. दिनेश आता कुठल्याही गाडीच्या खांबाला हात लावायचा असला तरी आधी फोन करतो.

पुढच्या सोमवारी सोमनाथ पहाटेच आंघोळ करून तयार झाला. "करंजाळीला जातो," म्हणाला. मैनानं डबा भरून दिला.

संध्याकाळी तो परत आला, तेव्हा ती पोळ्या लाटत होती. तिनं विचारलं नाही, त्यानंच सांगितलं. भागुबाई घरीच होती. नातवंडं होती. त्यानं अंगणात उभ्यानंच सगळं सांगितलं. तिनं नातवंडांना आत पाठवलं. मग म्हणाली, "अकरा वरसं लागली तुला?" तो हो म्हणाला. तिनं पाणी दिलं नाही आणि बस म्हटलं नाही. "आता जा," म्हणाली, तसा तो निघाला.

"बरं केलं," मैना म्हणाली आणि तव्यावरची पोळी त्याच्या ताटात टाकली. त्यानं पोळी मोडली आणि जेवायला सुरुवात केली.